उजवा हात
शास्त्रपाठ : गलती. २:९-१४



गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत शिकलेल्या पुष्कळांना शाळेतील व्यायामाच्या तासाची एक आठवण असते. एरवी तेथे चेंडूचे खेळ चालत. पण अधूनमधून ग्रामोफोनची तबकडी लावून ‘स्क्वेअर डान्स’ शिकविला जाई. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहत. एक जण पुकारा करी व आठही जणांनी त्याबरहुकूम पावले टाकावयाची. मुले संकोचत, घामेजलेले तळवे कपड्यांना पुसत. ठराविक हाक आली की जोडीदारास उजवा हात, पुढच्यास डावा, असे हात देत वर्तुळात फिरावे लागे. समोरचा आवडता असो वा नावडता, एकाने हात आखडला की सगळा चौकोन मोडे.

या नाचाचा इतिहास मात्र अंतर्मुख करणारा आहे. १९२० च्या दशकात मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनी जुन्या नाचांच्या पुनरुज्जीवनासाठी पैसा ओतला. जॅझ संगीत त्यांना भ्रष्ट वाटे. त्यांच्या वृत्तपत्राने त्याचा दोष यहूद्यांच्या माथी मारला. पण ज्या जुन्या नाचांचा त्यांना अभिमान होता, त्यांच्या घडणीत आफ्रिकी वंशाच्या वादकांचा मोठा वाटा होता. फिडल वाजवीत पुकारा करणाऱ्यांत गुलामही होते. तरीही १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत अनेक राज्यांत गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. हात देण्यास शिकविले जाई, पण कोणाला द्यावयाचा हे भिंतीने आधीच ठरविलेले असे.

आता शास्त्रपाठाकडे वळू. याकोब, केफा व योहान यांनी पौल व बर्णबा यांना सहभागितेचा उजवा हात दिला. मूळ ग्रीकमध्ये ‘हात’ हा शब्दही नाही. केवळ ‘उजवे दिले’ एवढेच आहे. सुंता न झालेल्यांमध्ये सेवा करणाऱ्यांना यरुशलेमच्या स्तंभांनी आपले मानले. पण पुढे अंत्युखियात यहूदी बांधव आले, तेव्हा हाच केफा परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठू लागला. ‘माघार घेणे’ या अर्थाचे तेथील क्रियापद अपूर्ण भूतकाळात आहे : तो हळूहळू मागे सरत गेला. भांडण नाही, घोषणा नाही. केवळ ताटावरील जागा रिकामी होत गेली. बर्णबाही त्यात ओढला गेला. पौलाने याला शिष्टाचारातील उणीव म्हटले नाही. ही वागणूक सुवार्तेच्या सत्याला धरून नाही, असे सर्वांसमक्ष सांगितले.

वाचकहो, आपण नागपुरात असा, इंदुरात वा दिल्लीत. उपासनेनंतर मंदिराच्या दाराशी आपणही हस्तांदोलन करतो. परंतु मुलामुलींचे विवाह ठरविताना समोरच्या घराण्याची बाप्तिस्म्यापूर्वीची जात आपण दबक्या आवाजात विचारतो की नाही? ज्यांना प्रभुभोजनाच्या मेजावर बंधू म्हटले, त्यांच्या घरी आपण किती वेळा जेवलो? ‘आमच्यात भेद नाही’ असे म्हणत आपणही केफाप्रमाणे एकेक पाऊल मागे सरत नाही ना?

येत्या रविवारी ज्या कुटुंबाशी आपला व्यवहार दारापुरताच आहे, त्यास घरी भोजनास बोलवा. तेही बोलावतील, तेव्हा अवश्य जा.

हे प्रभो, तू क्रूसावर मधली भिंत पाडली आहेस. आम्ही दिलेला हात मागे न घेण्यास आम्हांस बळ दे. आमेन.