न घडलेल्या अपघाताचें मोल

घडलेल्या अपघाताचा शोक करावयास माणसें आपण होऊन पुढें येतात. न घडलेल्या अपघाताचें मोल कोणीं भरावयाचें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. सोलापुरास हा प्रश्न साखर कारखान्याच्या एका चिमणीनें विचारावयास लाविला.

ता. २३ सप्टेंबर १९८९ रोजीं वायुदूत कंपनीचें एक लहान डॉर्नियर विमान पुण्याहून हैदराबादेस जात असतां इंदापूरनजीक उजनीच्या जलाशयांत कोसळलें व आंतील ११ जण मृत्यु पावले. ज्या जलाशयाचें पाणी सोलापूरकर पितात तोच हा. त्या अकरांस नांवें होतीं, आप्त होते. परंतु एखाद्या नियमामुळें जे वांचतात त्यांस आपण वांचलों हेंहि कळत नाहीं. मग त्यांच्या वतीनें बोलणार कोण?

चिमणीचा वाद येथेंच येतो. होटगी रस्त्यावरील विमानतळाजवळ सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीसाठीं बांधलेली चिमणी सुमारें ९० मीटर उंच होती. विमानतळाभोंवतीं हवेंत कांहीं कल्पित पातळ्या आंखलेल्या असतात. त्यांस भेदून कोणतेंहि बांधकाम वर जातां कामा नये असा दंडक आहे. एंजिन बंद पडलें, वैमानिक वाट चुकला, तर अशा अवघड घटकेसाठीं ती मोकळी जागा राखून ठेविलेली असते. वर्षानुवर्षांच्या तंट्यानंतर १५ जून २०२३ रोजीं महानगरपालिकेनें ती चिमणी पाडिली.

या चिमणीवर एकहि विमान आपटलें नव्हतें, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. पण हा युक्तिवाद मानिला तर प्रत्येक नियमास पहिल्या प्रेताची वाट पाहत बसावें लागेल. चिमणी जावयासच हवी होती, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. तथापि विरोध करणाऱ्या ऊंसवाल्या सभासदांस स्वार्थी म्हणून मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. त्यांचें नुकसान रुपयेआण्यांत मोजतां येतें. टळलेलें मरण कोणत्याच वहींत मांडतां येत नाहीं. शिवाय अशा अडथळ्यांसंबंधीं नियम १९९४ सालींच झाले होते. पाया खणतांना जो नियम केवळ सूचना ठरला असता, तोच इमारत उभी राहिल्यावर लाविला म्हणजे शिक्षा होतो. आणि ही शिक्षा नियम राबविणाऱ्यांच्या दिरंगाईची असून भोगावयास दुसराच उभा असतो.

९ जून २०२५ पासून सोलापुराहून गोव्यास विमान जाऊं लागलें. त्यांत बसणारा आणि त्याच्या निर्धास्तपणासाठीं ज्याची झीज झाली तो शेतकरी, हे क्वचितच एक असतात. विमानाच्या तिकिटांत सुरक्षेसाठीं शुल्क घेण्याची चाल आहे. त्यांतील चार आणे चिमणीच्या खातीं जमा करावेत, अशी सूचना कोणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.