दुखणे गेले, पुढे काय?

पेत्राची सासू तापाने फणफणली होती. प्रभूने तिचा हात धरून तिला उठवले, ताप गेला आणि ती पाहुण्यांच्या सेवेला लागली. हे शुभवर्तमान ऐकता ऐकता आपल्या मनात नकळत एक माप तयार होते. बरा झालेला माणूस म्हणजे कामाला लागलेला माणूस. घरातल्या बाईला तर हे माप फारच लवकर लावले जाते! पण त्याच मार्ककृत शुभवर्तमानात याईराची बारा वर्षांची मुलगी आहे. ती उठून चालू लागली तेव्हा प्रभूने तिला कसलेच काम सांगितले नाही. हिला काही खायला द्या, असे त्याने घरच्यांना बजावले. बरे झालेल्याकडून घ्यायचे की त्याला द्यायचे, हा प्रश्न मग आपल्यासाठी उरतोच.

स्वादुपिंडाच्या दाहातून, म्हणजे डॉक्टर ज्याला पॅन्क्रिएटायटिस म्हणतात त्यातून, उठलेल्या माणसाच्या घरी हा प्रश्न रोज जेवणाच्या ताटावर येतो. जठराच्या मागे असलेली ही ग्रंथी अन्न पचवणारे रस तयार करते, इन्सुलिनही करते. हे रस एरवी आतड्यात पोहोचल्यावर कामाला लागतात. दाह झाला की ते ग्रंथीतच जागे होतात आणि तिलाच पचवू लागतात. वरच्या पोटात उठून पाठीपर्यंत जाणारी ती कळ ज्याने सोसली आहे, त्याला अधिक सांगायला नको. बहुतेक रुग्ण सलाईन, वेदनाशामक औषधे आणि काळजी यांच्या बळावर आठवडाभरात सावरतात. काहींचा आजार मात्र गंभीर होतो. वाशीम जिल्ह्यातल्या गावांतून अशा रुग्णाला अकोल्याला किंवा थेट नागपूरला हलवावे लागल्याचे आपण अनेकदा ऐकले आहे. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ही धावपळ त्यामुळे कमी होवो, अशी प्रार्थना आहे.

घरी परतल्यावर खरी परीक्षा सुरू होते. अशक्तपणा कित्येक आठवडे राहतो. तेलकट-तुपकट वर्ज्य, थोडे थोडे खायचे, दारू कायमची बंद, तंबाखू आणि विडीही बंद. काहींना पुढे मधुमेह जडतो, काहींना प्रत्येक जेवणाबरोबर पाचकरसाची गोळी घ्यावी लागते. आणि याच वेळी गाव भेटायला येते.

गावाचा पहिला प्रश्न बहुधा दबक्या आवाजात असतो : पीत होता का? दारू हे या आजाराचे एक मोठे कारण आहे, हे खरेच. पण पित्ताशयातला खडा नळीत अडकल्यानेही तो तितक्याच सहजपणे होतो. रक्तातली चरबी फार वाढल्याने होतो, काही औषधांनी होतो, आणि कधी कधी सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. आयुष्यात दारूला न शिवलेल्या बाईला खड्यांमुळे हा आजार होतो आणि तिच्या मागे कुजबुज सुरू होते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. मग खरोखर दारूने आजारी पडलेल्याचे काय? अडतीस वर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला प्रभूने पुन्हा पाप करू नकोस असे सांगितले आहे, पण ते नंतर, मंदिरात भेटल्यावर. तळ्याकाठच्या गर्दीसमोर नव्हे. आधी त्याला उभे केले. आम्हाला हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट आग्रहाची. आपल्या वऱ्हाडात पाहुण्याला उपाशी उठू देणे हा अपमान समजला जातो. लग्नाच्या पंगतीत वाढणारा हात थांबत नाही, आणि "एका घासानं काय होते?" हे वाक्य आपण प्रेमानेच म्हणतो. पण स्वादुपिंडाला प्रेम कळत नाही. तुपाची धार नको म्हणणाऱ्याला चार लोकांत कारण सांगायला लावणे, आणि दारू सोडलेल्याच्या हातात थट्टेने पेला देणे, याला पाहुणचार म्हणायचे का? बेथानीतल्या जेवणाच्या वेळी लाजरस पंक्तीला बसला होता, आणि मेलेला माणूस जिवंत झाला म्हणून लोक त्याला बघायला आले होते. योहान त्याचा एकही शब्द नोंदवत नाही. आजारातून उठलेल्याला असे नुसते बसू द्यावे. साधे वरण-भात वाढावे आणि दुसऱ्या विषयावर बोलावे.

काही भाविकांना उपवासकाळात वेगळीच टोचणी लागते. सगळे उपवास करतात आणि मी मात्र दर तीन तासांनी खातो! यासाठी संत इग्नेशियस लोयोला आठवावेत. १५२२ साली मानरेसा येथे कडक उपवास करून त्यांनी स्वतःची प्रकृती बिघडवून घेतली. १५५६ साली त्यांच्या मृत्यूनंतर रेआल्दो कोलोंबो या वैद्यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा शरीरात खडेच खडे आढळले. याच इग्नेशियसांनी १५४८ साली फ्रान्सिस बोर्जिया यांना पत्र लिहून उपवास कमी करण्याचा आणि पोटाला बळ देण्याचा सल्ला दिला होता. देह देवाने सांभाळायला दिला आहे, ही त्यामागची भूमिका. ख्रिस्तसभेचा नियमही आजाऱ्याला उपवासातून मोकळे ठेवतो, आणि कम्युनियनपूर्वीच्या एका तासाच्या उपवासातूनही. तेव्हा गोळी घेतली, दोन बिस्किटे खाल्ली म्हणून मिस्साला येऊन मागच्या बाकावर बसून राहण्याचे कारण नाही.

पण हे सगळे पथ्य-पाणी ज्याच्या घरी चार दिवसांचे धान्य आहे त्याच्यासाठी झाले. मजुरीवर जगणाऱ्याला डॉक्टरांनी महिनाभर जड काम करू नका म्हटले, आणि समोर सोयाबीनची सोंगणी असली, तर तो काय करील? तो पंधराव्या दिवशी विळा उचलतो. त्याला हट्टी म्हणणे सोपे आहे. अशा घरी भेटायला जाताना फळांची पिशवी नेण्याऐवजी पुढच्या तपासणीच्या बसभाड्याचे पाहावे, पित्ताशयाची शस्त्रक्रिया राहिली असेल तर तारखेला बरोबर कोण जाणार ते विचारावे, आणि जमल्यास त्याच्या वाट्याच्या दोन ओळी कोणी सोंगून द्याव्यात.