चाकांवरचे घर आणि पाण्याखालचे घर

गेल्या वैशाखात आम्ही उभयतां पुण्याहून बेळगावास आलो, ते आगगाडीने नव्हे अथवा नेहमीच्या मोटारीनेही नव्हे, तर चाकांवरच्या घरातून. बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, लहानशी मोरी, फार काय, देवांचे तबकही ज्यात मावते अशी ही गाडी हल्ली भाड्याने मिळते. महाराष्ट्र शासनाने तर २०२१ साली अशा ‘कॅराव्हॅन’ पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. चिरंजीवांनी हौसेने गाडी ठरवून दिली आणि हमरस्त्याने एका दिवसात संपणारा प्रवास आम्ही सहा दिवस पुरविला. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर जलाशयांची जी माळच लागून राहिली आहे, तिच्या काठाकाठाने आम्ही घराकडे उतरलो. कोयनेचा शिवसागर, राधानगरीचा लक्ष्मी तलाव, दूधगंगेवरील काळम्मावाडी आणि अखेरीस घटप्रभेवरील हिडकल. प्रवासवर्णन लिहिण्याचा मात्र येथे विचार नाही. त्या प्रवासात एक प्रश्न उभा राहिला, तो सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा एवढीच इच्छा आहे.

पहिले चार दिवस माझ्या मनात एक प्रकारचे समाधान होते. कोणाच्या दारी उतरावे लागले नाही, कोणाची चूल पेटवावी लागली नाही, कोणाचे उपकार झाले नाहीत. आपल्या परंपरेत अपरिग्रहाची थोरवी गायिली आहे, तिचाच हा एक आधुनिक प्रकार होय, असे मी सौभाग्यवतींस थोड्या ऐटीने म्हणालोही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “टाकीतले पाणी कोणाचे?” पाटण तालुक्यात रस्त्याकाठच्या एका घरी आम्ही ती टाकी भरून घेतली होती, आणि घरातील बाईंनी पैसे घेण्याचे साफ नाकारले होते. मी ती गोष्ट विसरूनही गेलो होतो!

पतिपत्नींनी वाहनातून घरी परतावे आणि वाटेतील सरोवरे पाहावीत, याचे आपल्याकडील आद्य उदाहरण म्हणजे पुष्पक विमान. कालिदासाने रघुवंशाच्या तेराव्या सर्गात त्या प्रवासाचे वर्णन केले आहे. त्यात पंपासरोवर येते, पंचाप्सर नावाचे सरोवर येते. परंतु राम सीतेला जे दाखवितो ते केवळ सृष्टिसौंदर्य नव्हे. येथे तुझे नूपुर सापडले, येथे मी तुझ्यासाठी रडलो, या सरोवराकाठी अमुक मुनी राहत असत, असे तो सांगत जातो. खालच्या भूमीवर कोण राहिले व कोणी काय सोसले हे त्याला ठाऊक होते. वाल्मीकींच्या रामायणात तर किष्किंधेवर विमान येताच, तारा व इतर वानरस्त्रियांनाही अयोध्येस बरोबर नेऊ या, असा आग्रह सीता धरते आणि विमान थांबते. आमची गाडीही जागोजागी थांबली, परंतु ती छायाचित्रे घेण्यासाठी.

शिवसागराच्या काठी उभे राहिले असता डोळ्यांचे पारणे फिटते यात संशय नाही. कोयनेचे धरण १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभे राहिले. त्याच्या विजेने महाराष्ट्रातील कारखाने चालले, घराघरांत दिवे लागले. माझ्या पिढीचा अभ्यासही त्याच उजेडात झाला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परंतु त्या निळ्या पाण्याखाली गावे आहेत. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली, म्हणजे कोयनेचे लोक उठून गेल्यावर कितीतरी वर्षांनी. आणि त्यांपैकी पुष्कळांची जमिनीची मागणी सहा दशके उलटल्यावरही आंदोलनांतून पुढे येत राहिली. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने सत्याग्रह केला, तेव्हा तो प्रश्न परक्या सरकारचा व धनिक कंपनीचा आहे असे म्हणता येत होते. पुढे सरकार आपले झाले, तरी प्रश्न राहिलाच.

राधानगरीचे धरण शाहू महाराजांच्या दूरदृष्टीचे. ते अपुरे असतानाच १९२२ साली महाराज निवर्तले आणि काम पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर. काळम्मावाडीविषयी एवढेच सांगतो, की भाषेचा व सीमेचा वाद ज्या भागात १९५६ पासून धुमसत आहे, तेथे दूधगंगेचा प्रकल्प मात्र दोन्ही राज्यांनी मिळून केला. निपाणीवरून जाताना तंबाखूच्या वखारींपलीकडे उसाची हिरवी शेते दिसतात, त्यांकडे पाहताना हे आठवावे.

तवंदीचा घाट ओलांडून, संकेश्वर मागे टाकून आम्ही हिडकलच्या जलाशयाकाठी मुक्काम केला. पाणी पुष्कळ उतरले होते. हुन्नूरचे विठ्ठलमंदिर या जलाशयात बुडालेले आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. पाणी ओसरले म्हणजे ते वर दिसू लागते आणि भाविक दर्शनास जातात. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी दर्शन अधिक. हा योग चमत्कारिक खरा.

सायंकाळी एक वृद्ध गृहस्थ गुरे घेऊन तेथे आले. गाडीत डोकावून त्यांनी सर्व मांडणी कौतुकाने पाहिली. “ब्येस केलंय. घर संगटच हाय की तुमच्या,” असे म्हणून त्यांनी विचारले, “कुठलं गाव म्हणायचं?” मी बेळगाव असे सांगताच ते हसले. “मग आमच्याच गावचं पानी पिता की वो!” बेळगावास राकसकोपप्रमाणेच हिडकलचेही पाणी येते हे मला माहीत होते, परंतु माहीत असणे निराळे आणि ज्याचे घर त्या पाण्याखाली आहे त्याच्या तोंडून ऐकणे निराळे. त्यांनी काठी उचलून पाण्यात एक जागा दाखविली. देवळापासून दोन आळ्या अलीकडे त्यांचे घर होते. बोलण्यात तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. निघताना म्हणाले, “चला घराकडं. भाकरी खाऊन जावा.”

मी म्हणालो, “नको, आमचे सगळे गाडीत आहे.”

त्या रात्री आम्हां दोघांसही झोप आली नाही. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “आपण जायला हवे होते.”

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांस परिचित आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे सांगितले आहे, ते मनुष्यऋण. माणूस जन्मतः माणसांचे देणे लागतो, आणि ते फिटते कशाने? तर माणसांना वस्तीला जागा दिल्याने आणि अन्न दिल्याने. इतकी साधी व्याख्या, परंतु तिच्यापुढे त्या दिवशीचा प्रसंग ठेवून पाहावा. ज्याची वस्ती आमच्या तहानेसाठी गेली, तो आपले मनुष्यऋण फेडावयास उभा होता. आणि ज्याच्याजवळ रिकामे अंथरूण व शिजलेले अन्न दोन्ही होते, त्याने देणे तर दूरच, घेण्याचेही नाकारले. ‘कोणाचे उपकार नकोत’ ही वृत्ती मी आजवर सद्गुण समजत आलो. आता मला वाटते, की तिच्यात निःस्पृहता थोडी आणि अहंकार अधिक असतो. आपण कोणाचे लागत नाही असे म्हणणारा मनुष्य बहुधा हिशेबाची वही उघडण्यास भीत असतो.

यावर कोणी म्हणेल, नुकसानभरपाई दिली गेली, मग ऋण कसले? धरणे बांधूच नयेत काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार रोज त्या धरणाचे पाणी पिणाऱ्यास नाही, असे मी मानतो. धरण नको म्हणणे मला सोपे जाईल, पण ते खोटे होईल. हिडकलच्या पाण्यावर सहस्रावधी एकरांत पीक उभे आहे, त्या पिकाची साखर आपल्या प्रसादात आहे. पहिल्या प्रश्नाविषयी मात्र स्पष्ट बोलतो. भरपाई ही जमिनीची किंमत होय, आणि तीही पूर्ण मिळाली असली तर. किंमत चुकविली म्हणजे व्यवहार संपतो व देणारा घेणारा एकमेकांस परके होतात. ऋणात तसे परके होता येत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेले भोग परत काही न देता भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. तेथे किंमत दिली की नाही हा प्रश्नच नाही. दानपेटीत रक्कम टाकूनही हे देणे फिटेल असे मला वाटत नाही, कारण दानपेटीला गावाचे नाव नसते.

दुसऱ्या दिवशी यमकनमर्डीवरून दुपारी घरी पोहोचलो. दार उघडून सौभाग्यवती स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि तांब्या भरून देवांपुढे ठेवला. मी गाडीतील सामान उतरवीत होतो. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “त्या गृहस्थांचे नाव काय हो?”

नाव विचारावयाचे राहून गेले होते. त्यांनी ज्या वसाहतीकडे हात केला होता ती लक्षात आहे. आषाढ संपून पेरणीची घाई ओसरली म्हणजे तेथे जाऊन चौकशी करावी, या वेळी साध्या बसने जावे आणि जेवण बरोबर नेऊ नये, असे आम्ही ठरविले आहे.