नवसाचे पोहे

1960च्या दशकात अलिबागकडचं एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातलं मराठी बोलणारं ज्यू कुटुंब इस्रायलला गेलं. त्यांना घर मिळालं दिमोनात. 1955 साली वसलेलं, नेगेवच्या वाळवंटातलं हे गाव. ना समुद्र, ना माड, ना पावसाची झड.

बेने इस्रायलांची एलियाहू हन्नाबीवर, म्हणजे प्रेषित एलियावर मोठी श्रद्धा. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, असं ते मानतात. घरातल्या बाईने निघण्याआधी तिथे नवस केला होता : ‘नव्या देशात आमचं बरं होईल अशी खूण दिसू दे, मालिदा करीन.’ मालिदा म्हणजे नवसाचे गोड पोहे; त्यासाठी डबाभर पोहेही तिने बरोबर आणले होते.

ती रोज खूण शोधायची. खिडकीत कबुतर बसलं की हरखायची, नळ गेला की खचायची. नवरा म्हणायचा, “अगं, आपलं बरं होणार की नाही, हे त्या कबुतराला काय ठाऊक?”

दिवस जात होते. शेजारी राहणाऱ्या मोरोक्कोच्या बाईने तिला पाव कुठे चांगला मिळतो ते दाखवलं. बाजारात भाव करण्यापुरती हिब्रू तिला यायला लागली. जवळच्या बेरशेबा शहराच्या बसच्या वेळा तोंडपाठ झाल्या. पण यातलं काहीच तिने खुणेत धरलं नाही. पोहे डब्यातच राहिले.

एके दिवशी बस थांब्यावर एक कुटुंब उतरलं. पोर रडत होतं आणि आई त्याला मराठीत समजावत होती. ही धावलीच. “कुठल्या गो तुम्ही?” म्हणत तिने पोराला कडेवर घेतलं, त्यांना घरी नेलं, पिठलंभात वाढला. दुकान, दवाखाना, बस, सगळं समजावून सांगितलं.

जेवून झाल्यावर पाहुणीचे डोळे भरून आले. “ताई, बसमध्ये मी एलियाहू हन्नाबीला म्हटलं होतं, एखादी खूण दाखव. उतरले, तर तुम्ही मराठीत हाक मारलीत!”

बाई उठली आणि फळीवरचा डबा काढून म्हणाली, “उद्या मालिदा करू. तुमचाही आणि माझाही.”

तात्पर्य : परक्या मुलखात शुभशकुनाची वाट पाहत बसू नये. ज्या दिवशी आपण नव्याने आलेल्याला वाट दाखवू शकतो, त्या दिवशी ते गाव आपलं झालेलं असतं.