तुसाचा हिशेब

भाताच्या तुसाला आमच्या शिरगावात कुणी कचरा म्हणत नसे. गिरणीवरून तांदळाबरोबर तुसाचं पोतंही घरी यायचं. आजी त्यातलं थोडं भिंत लिंपायच्या मातीत मिसळायची, थोडं कोंबड्यांच्या खुराड्यात पसरायची, उरलेलं शेगडीत जाळायची. राख झाली की तीही कामाला. दात घासायला नि भांडी घासायला. गिरणीत राहिलेलं तूस वीटभट्टीवाले घेऊन जात.

आता शिरगाव बदलापूर शहरात मुरलं आहे. जिथे आवण लावायचो तिथे सात-सात मजले उभे आहेत. माझा पुतण्या सिव्हिल इंजिनिअर. तो एकदा म्हणाला, "काका, तुमच्या आजीची राख आता सिमेंटात घालतात."

मला आधी थट्टा वाटली. पण त्याने समजावून सांगितलं. भाताचं रोप जमिनीतून सिलिका ओढून घेतं. भात कापताना पात हाताला चरचरते ती त्यामुळेच. तूस बेताच्या आचेवर जाळलं तर राखेतली ही सिलिका सिमेंटमधल्या चुन्याशी जुळते नि काँक्रीट घट्ट होतं. आच फार वाढली तर मात्र राख निकामी, म्हणून वीटभट्टीची कुठलीही राख चालत नाही. काँक्रीटसाठीच्या २००० सालच्या भारतीय मानकातही या राखेला जागा आहे. फायदा असा, की सिमेंटसाठी चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, वर भट्टीच्या जळणाचा वेगळा. जेवढं सिमेंट कमी, तेवढा हा धूर कमी.

ऐकून बरं वाटलं. मग मी सवयीने शेतकऱ्याचा हिशेब मांडला. क्विंटलभर भातामागे साधारण २० किलो तूस, ते जाळलं की ४ किलो राख. ५० किलोच्या गोणीत दहावा हिस्सा राख घालायची तर ५ किलो हवी, म्हणजे सव्वा क्विंटल भाताचं तूस. हजार चौरस फुटांच्या घराला ढोबळमानाने ४०० गोणी सिमेंट लागतं. त्याला ५०० क्विंटल भात पिकायला हवं. एकरी १० क्विंटल धरलं तर ५० एकर! एका घराचं दहाव्या हिश्श्याचं सिमेंट वाचवायला ५० एकर हिरवी शेतं कुठेतरी उभी हवीत, आणि ते घर तर शेतावरच उभं राहणार.

म्हणून राख घालू नये का? जरूर घालावी. ४०० तल्या ४० गोणी वाचल्या तर तो काही थोडाथोडका लाभ नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या ३६० गोणींचा. नुकसान कमी केलं म्हणजे ते करायचा परवाना मिळाला, असं आपण धरून चालतो. सिमेंट हिरवं झालं, आता बांधा बिनघोर!

मुंबईत घर परवडत नाही म्हणून लोकलच्या गर्दीत रोज दोन-दोन तास काढणारी माणसं इथे आली. त्यांना छप्पर हवंच. त्यांच्या घराच्या गोणी मी मोजत नाही. माझंही घर आता सिमेंटचंच आहे. पण आमच्याच रस्त्यावर गुंतवणूक म्हणून घेतलेले, वर्षानुवर्षं कुलूप लावलेले फ्लॅट आहेत. त्यांच्या भिंतीत कितीही राख घातली तरी ते सिमेंट वायाच गेलं.

आजीची राख पोटासाठी पेटवलेल्या शेगडीतून निघायची. दात घासायला राख हवी म्हणून तिने कधी जास्तीचं तूस जाळलं नाही. आधी गरज, मग जाळ, मग राख, हा क्रम तिला कुणी शिकवावा लागला नव्हता.

"मग मी काय घरं बांधायची थांबवू, काका?" पुतण्याने विचारलं.

"थांबवू नको," मी म्हणालो, "पण राख किती घालायची ते विचारण्याआधी, त्या घरात राहणार कोण आहे ते विचारत जा."