समुद्राला सातबारा नाही

किनाऱ्याविषयीचे निर्णय कोण घेतो, हा प्रश्न आपण पुष्कळदा विचारतो. ते कशाच्या आधारे घेतले जातात, हे मात्र क्वचितच विचारतो. भरतीरेषा, पाण्याची खोली, खडकांची ठेवण ही शास्त्राची मोजमापे आहेत व ती हवीतच. परंतु काय मोजावे आणि काय मोजल्यावाचून सोडून द्यावे, हे ठरविताना आपण शास्त्राच्या अंगणातून नीतीच्या अंगणात आलेलो असतो.

आपल्या शेजारच्याच वाढवणचे उदाहरण घेऊ. डहाणू तालुका १९९१ साली केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले आणि १९९८ मध्ये त्याने वाढवणचे बंदर नाकारले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, अर्थात नव्या सदस्यांसह, बंदराला अनुमती दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली.

या पंचवीस वर्षांत काय बदलले? जहाजे मोठी झाली, त्यांना खोल पाणी हवे झाले आणि वाढवणला ते किनाऱ्यापासून फार दूर नाही. हे कारण खोटे नव्हे. ज्यांची मुले पदवी हाती घेऊन रोज विरार लोकलला लोंबकळतात, त्यांनी रोजगाराच्या आशेला हसू नये. पण आणखी एक गोष्ट बदलली. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना उद्योगांच्या वर्गवारीतून वेगळे काढले. पाणी तेच, खडक तेच. शब्दाचा अर्थ तेवढा हलला.

शब्दांप्रमाणे रेषाही हलतात. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली होती. जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिसूचनेने, जेथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक माणसे राहतात तेथे, किनारा आराखडा मंजूर झाल्यावर, ही मर्यादा ५० मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली. लाटेला शिरगणती वाचता येत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नसावे! जुना नियम निर्दोष होता असेही नाही. पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कोळ्याला घर वाढविताना तो जाचक झाला होता.

तरी आमच्या मते खरा पेच याहून खोल आहे. रस्त्यासाठी शेत घेतले जाते तेव्हा सातबारा असतो. मोजणी होते, नोटीस येते, मोबदल्याचा दर ठरतो. वाढवणचे बंदर मात्र समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालून उभे राहायचे आहे, आणि समुद्राला सातबारा नाही. म्हणून तेथे कोणाचेच काही नव्हते, असे म्हणता येईल काय? डोल जाळे बांधण्यासाठी पाण्यात खांब रोवण्याच्या जागेला कोळी 'कव' म्हणतात. कोणती कव कोणाची, हे गावोगावी ठाऊक असते. वसई-उत्तन आणि सातपाटी-डहाणू यांच्यातील कवींचा वाद जुना आहे. जेथे कोणाचाच हक्क नसतो तेथे वाद कशाचा होणार?

न्यायालयानेही हे ओळखले आहे. ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांचा रूढीने चालत आलेला हक्क मान्य केला आणि भरपाईचे धोरण आखावयास सांगितले. ही मोठीच गोष्ट झाली. पण भरपाई द्यावयाची तर यादी हवी, आणि यादीत प्रथम येतो तो नौकेचा परवाना ज्याच्या नावे आहे तो मालक. हंगामापुरता आलेला खलाशी मागे राहतो. वलांडीवर बोंबील टांगणारी, पहाटे पाटी घेऊन गाडी पकडणारी बाई त्याच्याही मागे; तिच्या नावे नौका नाही, जाळे नाही, परवाना नाही. घरातील पोरांची फी मात्र बहुधा तिच्याच कमरेच्या पिशवीतून गेलेली असते. तिचे नाव कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हे मोजणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला आजच विचारून ठेवावयास हवे.