बीपीला वाटेल ती गोळी चालत नसते

बसू नकोस, उभा राहूनच ऐक. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला फार्माकोलॉजी मीच शिकवली तुला. त्या पदविकेच्या जोरावर हिंगोलीत दुकान थाटलंस, परवाना फ्रेम करून भिंतीला लावलास. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी बदलून द्यायची मुभा त्यात कुठं दिलीय ते दाखव मला.

आत्ता सेनगावकडच्या मावशी आल्या होत्या. चिठ्ठीवर टेल्मिसार्टन ४०. तुझ्याकडं ते संपलेलं. तू खुशाल ॲटेनोलॉलची पट्टी काढलीस, कात्रीनं पाच गोळ्या कापल्यास. नाव आणि मुदतीची तारीख राहिली तुझ्याकडच्या तुकड्यावर. वर म्हणालास, "घ्या मावशी, ही पण बीपीचीच हाय." त्यांच्या पिशवीतून दम्याचा पंप डोकावत होता. मला अलीकडून दिसला, तुला का दिसू नये? ॲटेनोलॉल बीटा ब्लॉकर आहे, दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकतं. परीक्षेत हे उत्तर बिनचूक लिहिलं होतंस, मार्क मीच दिलेत. त्या बाईंना मी बाहेर बाकावर बसवून आलेय.

उलटंही तसंच. कुणी वर्षानुवर्षं ॲटेनोलॉलवर असतो, तू एक दिवस त्याला भलतंच काहीतरी देतोस. बीटा ब्लॉकर एकदम तुटला की नाडी उसळते, छातीत दुखू लागतं. ते निस्तरायला तू जाणार आहेस का?

या गोळ्या एका कप्प्यात ठेवल्यास म्हणून त्या एकसारख्या होत नाहीत. ॲम्लोडिपिननं काहींचे पाय सुजतात. रॅमिप्रिलनं कुणाला कोरडा खोकला लागतो, आणि तू त्याला कफ सिरप विकतोस! क्लोर्थॅलिडोननं सोडियम, पोटॅशियम उतरू शकतं. मधुमेह्याच्या लघवीतून प्रथिनं जात असतील तर टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी लागते. पण तीच गोळी गरोदर बाईला द्यायची नसते, बाळाच्या मूत्रपिंडाला धोका असतो. तिथं लॅबेटालॉल, मिथाइलडोपा. डॉक्टर माणूस बघून औषध निवडतो. तू फळीवर काय शिल्लक आहे ते बघून निवडतोस.

आणि "भारीतली देऊ का?" हे वाक्य पुन्हा तुझ्या तोंडून ऐकायचं नाही मला. २००२ साली अमेरिकेतल्या ऑलहॅट चाचणीचा निकाल आला. ३३ हजारांहून जास्त रुग्ण होते त्यात. हार्ट अटॅक टाळण्यात जुनं, स्वस्त क्लोर्थॅलिडोन नव्या गोळ्यांच्या मागं पडलं नाही, आणि हार्ट फेल्युअर टाळण्यात तर ॲम्लोडिपिनपेक्षा सरस ठरलं. आपल्याकडंही २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात आधी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत. तिथं मोजकीच साधी औषधं, ठरलेल्या पायऱ्यांनी. एका गोळीनं भागलं नाही तर मात्रा वाढवायची, नाहीतर दुसरी जोडायची, पुन्हा दाब मोजायचा. आकडा १४०/९० च्या खाली येतो आणि तिथंच राहतो, यात त्या माणसाचं हृदय आणि मेंदू वाचतो. पट्टीवरच्या किमतीनं नाही वाचत.

वसमत, औंढ्याकडं हळद काढणीला आली की तुझ्याकडं कंबरदुखीची रांग लागते. तू विचारतोस का एकाला तरी, "बीपीची गोळी चालू आहे का?" तू देतोस त्या डायक्लोफिनॅकनं दाब वाढू शकतो. टेल्मिसार्टन आणि क्लोर्थॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असेल आणि वर तू डायक्लोफिनॅक देशील, तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दिवसभर उन्हात, पाण्याविना राबणारी माणसं आहेत ती. चार पैशांच्या विक्रीपायी त्यांना डायलिसिसवर बसवू नकोस.

शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत ती औषधं, हे तुला नव्यानं शिकवायला मी आलेले नाही. चिठ्ठीवरचं औषध नसेल तर "नाही" म्हण, शेजारच्या दुकानात पाठव. सरकारी दवाखान्यात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात, हेही सांग. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. पट्टी कापलीस तर नाव, मुदत कागदावर लिहून दे. "आता बीपी नॉर्मल आहे, गोळी बंद करू का?" असं कुणी विचारलं, तर गोळी चालू आहे म्हणूनच नॉर्मल आहे, हे त्याच्या तोंडावर सांग.

आता फोन उचल, चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर आहे. बोलून झालं की बाहेर जा, त्या पाच गोळ्या परत घे, पैसे दे आणि मावशींसाठी टेल्मिसार्टन स्वतः शेजारून आणून दे.